बिस्किटाएवढा पंखा

"काका, धडा चांगला वाचलाय तुमी. पन तुमच्या मागं कुनी जात्यावर दळतंय का?"

अकरा एप्रिलच्या सकाळी अमृताचा हा निरोप माझ्या फोनवर आला. मी तो तीनदा ऐकला. पहिल्यांदा फक्त 'चांगला वाचलाय' एवढंच कानात शिरलं. दुसऱ्यांदा 'पन' ऐकू आलं. तिसऱ्यांदा जातं ऐकू आलं आणि समोरचे पोहे गार झाले.

मी गोरख ओव्हाळ. राहणार लोणावळा. रेल्वेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर. गाडी किती वाजता येईल, कुठल्या फलाटावर येईल आणि आज ती का येणार नाही, हे तीन भाषांत सांगणारा आवाज माझा होता. पुढे ते काम यंत्राकडे गेलं आणि मी पेन्शनीत गेलो. घरात माझ्या आवाजाला काही काम नाही. माझी बायको ज्योत्स्ना आरोग्य केंद्रात नर्स होती. 'कृपया इकडे लक्ष द्या' या वाक्याचा तिच्यावर आजवर कधीही परिणाम झालेला नाही. फक्त चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर निवेदन करायला मला बोलावतात. वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी मोकळा.

म्हणून तळेगावच्या एका संस्थेत मी नाव दिलं. न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती संस्था पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देते. माझ्या वाट्याला अमृता आली. आंदर मावळातली, टाकव्याच्याही पुढच्या गावातली. जन्मापासून दिसत नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय इतिहास. मागच्या वर्षी तिला वाचून देणारे गृहस्थ पाच प्रकरणं वाचून अमेरिकेला नातवाला बघायला गेले आणि तिकडेच रमले. तिचा तेवढा एक पेपर राहिला. यंदा तो सुटला नाही तर जुना अभ्यासक्रम बंद, आणि नव्यात सगळं पहिल्यापासून. पेपर अठ्ठावीस एप्रिलला. ऐकून डोक्यात बसवायला तिला निदान आठवडा हवा. म्हणजे बारा प्रकरणं वीस-एकवीसपर्यंत तिच्या हातात पडायला हवीत. माझी तीन झाली होती, आणि तिन्हींच्या मागे जातं.

जातं म्हणजे आमचा कॉम्प्युटर. खरं तर तो आमच्या मुलाचा, प्रज्ञेशचा. त्यानं लॉकडाउनमध्ये खेळ खेळण्यासाठी तो स्वतः जोडला. नंतर त्याला बंगळूरला नोकरी लागली. तो गेला आणि हे धूड आमच्याकडे राहिलं. काचेची पेटी आहे, आत निळे-जांभळे दिवे लागतात. चालू केलं की लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं. पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून छापील पुस्तक मला वाचवत नाही, पडद्यावर अक्षरं मोठी करून वाचावी लागतात. माइकही त्यालाच जोडलेला. तेव्हा कॉम्प्युटर बंद ठेवून काम होण्यासारखं नव्हतं.

मी नीट कान देऊन ऐकलं. आधी बारीक किर्र, मग जाड घर्र, मध्येच खोकल्यासारखं काहीतरी, आणि परत किर्र. महिनाभर मी या आवाजाशेजारी बसून वाचत होतो आणि मला तो ऐकूच आला नव्हता. बावीस वर्षं मालगाड्यांच्या शेजारी बसल्यावर कान थोडे उदार होतात. पण एकदा ऐकू आला, तो मग जाईना. जेवताना ऐकू यायचा, अंघोळीत ऐकू यायचा. कॉम्प्युटर बंद असला तरी ऐकू यायचा. मी एका जागी बसेना, तेव्हा ज्योत्स्नानं माझी नाडी बघितली.

प्रज्ञेशला फोन लावला. त्यालाही आवाज ऐकवला.

"बाबा, तो चिपसेट फॅन आहे."

"म्हणजे?"

"मदरबोर्डवर एक चिप असते. ती तापते. तिच्यावर छोटा पंखा असतो, गोल बिस्किटाएवढा. ग्राफिक्स कार्डाच्या खाली बघा."

"एवढ्या मोठ्या खोक्यात एवढासा पंखा एवढा आवाज करतो?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

आता पंखा म्हटल्यावर आदिनाथरावांना कळणं आलं. आदिनाथ शेलार आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, सोसायटीचे सचिव आहेत आणि एका कारखान्यात देखभाल विभागात होते. त्यांना बोलवावं लागत नाही. ते आले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पेटीला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. पाच मिनिटं कुणी श्वासही घेतला नाही.

"तुम्हाला शांतता पाहिजे," ते डोळे उघडून म्हणाले.

"हो ना."

"मग खंडाळ्याला चला. आमच्या साडूंच्या मालकाचा बंगला आहे. रिकामा. दरीच्या कडेला. तिथं पान पडलेलं ऐकू येतं."

मला पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला ते शंभर टक्के पटलं. आदिनाथरावांच्या गाडीत आम्ही पेटी घातली, पडदा घातला, माइक घातला, सगळ्याला चादर गुंडाळली. बंगल्याचा राखणदार बजरंग यानं दोन खोल्या उघडून दिल्या. खरोखर शांतता होती. खिडकीतून दरी, दरीत ऊन, कुठे चिटपाखरू नाही. मी घसा साफ केला, 'प्रकरण चौथे' म्हणायला तोंड उघडलं आणि कॉम्प्युटर चालू केला.

किर्र. घर्र.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंखा आमच्याबरोबरच आला होता.

"सायेब," बजरंग अदबीनं म्हणाला, "आवाज तर ह्या डब्यातच हाय. मग हिकडं कशापायी आणला?"

परतीच्या वाटेवर आदिनाथराव घाटातल्या वाहतुकीविषयी बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. माझा फोन जुना, पाच-सात मिनिटांत जागा भरली म्हणतो. शिवाय खोलीत पंख्याचा आवाज, म्हणून बाथरूमचं दार लावून आत बसलो आणि पडदा ज्योत्स्नानं दाराच्या काचेपलीकडून दाखवायचा असं ठरलं. दोन पानं झाल्यावर तिचे हात दुखले. तेवढी दोन पानं अमृताला पाठवली. उत्तर आलं: "काका, तुमी हिरीत पडलाय का?"

दुसऱ्या दिवशी आदिनाथराव शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आले. खंडाळ्याची भरपाई करायची म्हणून त्यांचा चेहरा फार निश्चयी होता.

"फिरणारी वस्तू आहे ना? तिला तेल लागतं. छत्तीस वर्षं हेच केलं मी."

पेटीची काच काढली. आत चार पंखे मोठे आणि सर्वांत खाली, एका जाडजूड पाटीच्या आड, तो. टॉर्च धरून दोघांनी मान वाकडी करून पाहिलं तेव्हा दिसला. खरंच बिस्किटाएवढा. याच्यासाठी मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो, हे बघून मला स्वतःचाच राग आला. आदिनाथरावांनी इंजेक्शनच्या सुईतून एक थेंब सोडला. एक त्यांना कमी वाटला. मग तीन सोडले. मग हात हलला, आणि किती गेले ते कुणी मोजले नाही.

आवाज बंद! पूर्ण बंद. आदिनाथरावांनी हात धुतले, चहा घेतला, जिन्यात भेटलेल्या चौघांना सांगितलं. मी चौथं प्रकरण एका दमात वाचून पाठवलं. शेवटच्या पानाला मला आत काहीतरी बुडबुडल्यासारखं वाटलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

अमृताचा निरोप आला: "काका, आता त्ये गुळन्या करतंय."

चौदा तारीख जयंतीत गेली. स्टेजवर माझं निवेदन झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मला कर्ण्यातून माझ्या आवाजामागे किर्र ऐकू येत होतं. मी माइकवाल्याला तीनदा खुणा केल्या. तो म्हणाला, "काका, काहीच नाही." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

पंधराला मी पेटी घेऊन पुण्याला मदरबोर्डच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला निघालो. एसटीत मांडीवर चादरीत गुंडाळलेलं धूड बघून कंडक्टरनं विचारलं, "आत काय हाय? जित्राब असंल तर तिकीट लागंल."

"कॉम्प्युटर आहे."

"मग त्याला झाकलंय कशाला?"

मी चादर आणखी घट्ट गुंडाळली.

सर्व्हिस सेंटरमध्ये गारेगार हवा, बाकं आणि टोकनची पाटी. माझं टोकन एकेचाळीस. अडतीस झालं, एकोणचाळीस झालं, चाळीस झालं आणि मग बेचाळीस. मी वाट पाहिली. त्रेचाळीस. मी उभा राहिलो. मला फक्त 'अहो ताई' असं म्हणायचं होतं. पण दोन तास बसून आत जे साचलं होतं ते बावीस वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं.

"कृपया इकडे लक्ष द्या!"

बाकांवरच्या सात-आठ जणांनी पिशव्या उचलल्या. एक बाई मुलाचा हात धरून थेट दाराकडे निघाल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "किती उशिरा आहे?"

मग मात्र माझा नंबर ताबडतोब लागला. काउंटरवर अनिता नावाची मुलगी होती, फार नम्र. तिनं वॉरंटी बघितली. अजून तीन महिने बाकी होती. माझी छाती जरा फुगली. मग तिनं पेटीत टॉर्च मारला आणि तिचा चेहरा डॉक्टर रिपोर्ट वाचताना होतो तसा झाला.

"काका, आत तेल आहे."

"थोडंसंच."

"बोर्डवर ओघळलंय. 'लिक्विड डॅमेज' लिहावं लागेल. मग वॉरंटी बसत नाही."

"तेल आवाजासाठी घातलं. आवाज तुमच्या पंख्याचा आहे."

"पंखा फिरतोय ना? मग तो चालू आहे. आवाज हा दोषात धरत नाहीत."

"मग कशात धरतात?"

तिनं स्क्रीनवर शोधलं. "'ग्राहकाचा अनुभव' असा एक रकाना आहे. त्यात लिहू का?"

मी विचारलं, नुसता पंखा मिळेल का. नुसता मिळत नाही, आख्खा बोर्ड जमा करावा लागतो, एकवीस दिवसांसाठी, मूळ खोक्यासह. खोक्यात ज्योत्स्नानं दिवाळीच्या दिव्यांच्या माळा ठेवल्या आहेत. आणि बिल प्रज्ञेशच्या नावावर, म्हणून त्याचं संमतिपत्र, सहीसकट, मूळ प्रत. मी मोजलं: एकवीस दिवस म्हणजे सहा मे. पेपर अठ्ठावीस एप्रिलला. मी अनिताला अमृताबद्दल सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिनं मला पाणी दिलं. 'ग्राहकाचा अनुभव' या रकान्यात तिनं जे लिहिलं ते मला दाखवलं नाही.

घरी आलो तर अमृताचा फोन. आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. "काका, तुमी बी अमेरिकेला निघाला न्हाई ना?"

त्या एका वाक्यानं माझं जे झालं ते पंख्यानं, एसटीनं आणि सर्व्हिस सेंटरनं मिळून झालं नव्हतं. तोपर्यंत मी स्वतःला परोपकारी समजत होतो. एकाएकी मला दिसलं की एका मुलीचं वर्ष माझ्या हातात आहे आणि मी ते घेऊन खंडाळ्याला फिरून आलोय.

सोळाला विक्कीकडे गेलो. विक्कीचं बाजारात दुकान आहे. मोबाइलची कव्हरं, कॅमेरे, कॉम्प्युटर दुरुस्ती, सगळं. त्याच्यापुढे हात जोडायचेच बाकी ठेवले.

"ओव्हाळकाका, हा पंखा बाहेरून मागवावा लागतो. तीन आठवडे."

"मला चार-पाच दिवस आहेत."

"मग त्याची वायर काढू. राहू द्या बंद. बघू काय होतंय."

वायर काढली. तेल पुसलं. शांतता! मी घरी येऊन पाचवं प्रकरण सुरू केलं. चाळीस मिनिटांचं प्रकरण, मोठमोठी वाक्यं, सनावळ्या. आवाज असा लागला होता म्हणता, की मध्ये मीच एकदा स्वतःला मनात दाद दिली. शेवटचा परिच्छेद उरला आणि पेटीनं तीनदा 'पीं पीं पीं' केलं, दिवे विझले, पडदा काळा. चिप तापली होती. रेकॉर्डिंग साठवलेलं नव्हतं. पाचवं प्रकरण कुठेच राहिलं नाही, फक्त माझ्या घशात राहिलं.

आदिनाथराव बर्फाची पिशवी ठेवा म्हणाले. घरात ती पिशवी होती, पण ज्योत्स्ना तिच्यापुढे उभी राहिली. "ही ताप आलेल्या माणसाची आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला हवी असेल तर देते."

सतराला टेबलफॅन लावून पाहिला. तो कॉम्प्युटरपेक्षा जास्त घरघरला आणि विजेची बिलं उडून गेली.

अठराला सकाळी दार वाजलं. दारात अमृता आणि तिची आई, सरुबाई. कान्हे फाट्यापर्यंत एसटी, पुढे गाडी आणि स्टेशनपासून चालत. सरुबाईंच्या डोक्यावर इंद्रायणी तांदळाची पिशवी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमृता खुर्चीवर ताठ बसली. "किती धडे झालं, काका?"

"चार."

"बारापैकी?"

"तसे पाच. एक गेला."

"कुटं गेला?"

ज्योत्स्नानं पाणी आणलं, सरुबाईंचा हात धरून त्यांना बसवलं. मी विक्कीला फोन केला, तो दुकान उघडं टाकून आला. आदिनाथराव आपोआप आले. विक्कीनं पंख्याची वायर परत जोडली, पेटी चालू केली. किर्र. घर्र. गुळण्या.

अमृतानं हात वर केला. सगळे गप्प झाले. ती डोकं एका बाजूला कलवून ऐकत राहिली, आणि मी पाहिलं की तिच्या ऐकण्यात आणि आदिनाथरावांच्या स्क्रू-ड्रायव्हरमध्ये फार फरक होता.

"ह्ये आवाज दोन हायेत," ती म्हणाली. "खालचा घासतोय त्यो. त्यो म्हातारा झालाय, त्याला सोडा. पन वरती एक हाय, मोठा. त्यो सारखा खाली फुंकतोय. वरचा जोरात फुंकाया लागला, की घटकाभरानं खालचा जास्ती कळवळतोय."

सरुबाई उठल्या. तवा तापलाय का बघतात तसा त्यांनी पेटीत तळहात धरला आणि झटक्यात मागे घेतला. "आगं बया! भाजतंय की. ह्ये वरचं काय हाय?"

"ग्राफिक्स कार्ड," विक्की म्हणाला.

"ते कशाला लागतं?"

"खेळायला. मोठे मोठे खेळ असतात ना, त्यांचं चित्र दाखवायला."

"कोन खेळतं?"

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आदिनाथराव माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच चोरून खेळत असेन.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मुलगा खेळायचा. तो बंगळूरला आहे."

"मंग त्याला कशापायी पेटवून ठिवलाय?" सरुबाईंचा आवाज चढला. "बारकी चूल तापतीया म्हणून रडताय, आन तिच्या डोक्याव मोठी चूल मांडून बसलाय व्हय? काढा की त्ये!"

विक्कीनं तोंड उघडलं. कार्ड काढलं तर पडद्यावर चित्र कुठून येणार, हे त्याला सांगायचं असावं. ते त्यानं तसंच मिटलं, माझ्याकडून बिल मागून घेतलं, चष्मा वर केला आणि प्रोसेसरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका... याच्यात चित्र दाखवायची सोय आतच आहे. कार्डाची गरजच नाही."

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

कार्ड निघालं. चांगलं विटेएवढं होतं. ते निघाल्यावर जागा मोकळी झाली. विक्की दुकानातून एका मेलेल्या बोर्डावरचा ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा ठोकळा घेऊन आला, म्हणाला, कार्ड असतं तर हा तिथे मावला नसता. बिस्किटाएवढा पंखा काढून त्यानं हा ठोकळा चिपवर बसवला. न फिरणारा, न बोलणारा. नुसता उष्णता पिऊन घेणारा. पेटी चालू केली, अर्धा तास चालू ठेवली. सरुबाई दर पाच मिनिटांनी तळहात धरत होत्या.

"आता न्हाई पोळत," त्यांनी जाहीर केलं आणि विक्कीनं नम्रपणे मान हलवली.

खोलीत अशी शांतता झाली की मला आदिनाथरावांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आठ दिवसांत पहिल्यांदा मी टेकून बसलो. प्रज्ञेशला कळवलं. तो ओरडला, "बाबा, कार्ड कुठंय?" म्हटलं, कपाटात, आईच्या शालीत. त्याला मीटिंगची आठवण झाली नाही.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मी बसून चार प्रकरणं वाचली. पाठवली. आता काय कौतुक येतंय म्हणून फोन उशाशी घेऊन पडलो. कौतुक आलं ते असं:

"काका, जातं गेलं. आता तुमी नीट ऐकू याया लागला. मला आता कळतंय, तुमी वाक्याच्या शेवटाला वर चढताय, गाडी सुटल्यासारकं. सनावळी लय पळवताय. आनी सातव्या धड्यात 'देशाची फाळणी झाली' आसं आसंल ना? तुमी 'देशाची फलाट झाली' म्हणलाय. दोन येळा."

मी तिला सांगितलं, तसं होणं शक्य नाही. मग ऐकलं. दोन वेळा होतं.

सातवं पुन्हा वाचलं. पाचवं, सहावं पुन्हा वाचलं, सावकाश, खाली उतरत. ज्योत्स्ना गरम पाणी आणून ठेवायची आणि न बोलता जायची. एकवीस तारखेला दुपारी बारावं प्रकरण गेलं. पेपरला अमृतानं सांगितलं, लेखनिक मुलीनं लिहिलं. निकाल जूनच्या शेवटी लागला.

"काका, सुटलं! एकाहत्तर!" फोनवर तिचा आवाज फुटत होता. मागे सरुबाई कुणालातरी ओरडून सांगत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, एम.ए. करणार असशील तर पुढचं पुस्तक आजच संस्थेकडून घेऊन येतो.

"करनार हाय, नाव घातलंय." मग ती जरा अडखळली. "काका, रागावनार न्हाई ना?"

"छे! बोल."

"पुढलं पुस्तक काकूंना वाचू द्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नवव्या धड्याच्या मागं काकू आतून फोनवर एका बाईशी बोलत हुत्या. नव्या बाळाला दूध कसं पाजायचं, कसं धरायचं. पंखा गेल्यापास्नं समदं ऐकू येतं ना. तुमचा नववा धडा मला चारदा ऐकावा लागला. पन काकूंचं त्ये एकदाच ऐकलं, पाठ झालं."

मी फोन ज्योत्स्नाकडे दिला. काय बोलायचं ते त्या दोघी बोलल्या.

आता दुपारी दोन ते चार आतल्या खोलीत ज्योत्स्ना वाचते. त्या वेळात आमच्याकडे कुकर लागत नाही, मिक्सर चालत नाही, बेलची तार मी काढून ठेवली आहे. आदिनाथराव आले तर त्यांना मी ओठावर बोट ठेवून जिन्यातच बसवतो. ती बाई वाक्याला कुठेही चढत नाही. समोर एकच माणूस बसलंय आणि त्याला हे कळायलाच हवं, अशी वाचते. चुकली तर सांगावं म्हणून मी दाराबाहेर स्टूल टाकून बसतो. चार दिवस झाले, अजून चुकलेली नाही. काल एका ठिकाणी ती एकदम थांबली. चुकली, असं वाटून मी लगबगीनं उठलो आणि दार ढकललं. ती पाणी पीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, भांडं खाली ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं. मी तिथेच दाराला टेकून उभा राहिलो, कारण पुढे काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.